हाकेला ओ

माझ्या टेबलाच्या काचेखाली सात याद्या असतात. साखर कोणाला चालत नाही, कोणाला किती वाजता कुशीवर वळवायचं, अंघोळीचे वार, कोणाचा चष्मा कोणता, कवळ्यांच्या खुणा, भेटायला कोणाकडे कोण येतं. सातवीचं नाव 'किरकोळ'. सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमात मी बावीस वर्षं मेट्रन आहे. त्याआधी हॉस्पिटलात वॉर्डात होते. बहुतेक सगळे मला सिस्टर म्हणतात, आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार आहे.

दिवाळी अंकासाठी कामाविषयी लिहा असा निरोप आला, तेव्हा सवयीनं मी आधी यादी केली. अकरा मुद्दे निघाले. नवव्या ठिकाणी 'पितांबर आजोबा' असं लिहिलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि बाकीच्या दहांपुढे 'नंतर' असं लिहिलं. मी काही खोडत नाही. खोडलेलंच पुढं लागतं, असा अनुभव आहे.

आमच्या कामाला बाहेरचे लोक सेवा म्हणतात. आत आम्ही वेळा सांभाळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवलं नाही तर पाठीला जखम होते, आणि ती जखम प्रेमानं बरी होत नाही. म्हणून यादी. कवळ्यांच्या खुणा कशा सुरू झाल्या तेही सांगते. एका नव्या बाईनं मोठ्या उत्साहानं अकरा जणांच्या कवळ्या एकाच घमेल्यात धुतल्या. दोन दिवस आमच्याकडे कोणी कोणाच्या दातांनी हसत होतं. एक आजी तर बदललेली कवळी परत द्यायला तयार होईनात. "ही बरी बसतीय की," म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक कवळीवर खूण असते.

यादीनं बहुतेक गोष्टी सुटतात. कोणती गोष्ट सुटली नाही, ते आता सांगते.

आमची संस्था ख्रिस्ती, मीही ख्रिस्ती. राहणारे मात्र सगळ्या जातिधर्मांचे. संध्याकाळी साडेसहाला मोठ्या खोलीत प्रार्थना होते. यायची सक्ती नाही, तरी सगळे येतात, कारण ती संपल्या संपल्या तिथंच ताटं वाढली जातात. प्रार्थना सुमनबाई सांगतात. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, देवाच्या मोठ्या भक्त, आणि अजूनही समोर चौथीचा वर्ग बसलाय असं समजून बोलतात. त्या पुढं म्हणतात, बाकीचे मागून. ज्यांना म्हणायचं नसतं ते हात जोडून बसतात, किंवा डाळीला फोडणी बसली का त्याचा वास घेत बसतात.

सुरुवात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येशूच्या शिष्यांनी त्याला विचारलं, की आम्हाला प्रार्थना करायला शिकव. तेव्हा त्यानं ही शिकवली. देवाला राजा म्हणून हाक मारा, न्यायाधीश म्हणून मारा, असं तो म्हणाला नाही. बाप म्हणा म्हणाला. माझी आजी 'आकाशातल्या बापा' असं म्हणायची, आणि तेही मोठ्यानं, वर गच्चीवर कोणी काम करत असल्यासारखं. आमच्या पिढीच्या वाट्याला 'पित्या' आला. हा शब्द प्रार्थनेखेरीज आम्ही कुठंच वापरत नाही. घरात पपा, बाबा, आबा, आप्पा. त्यामुळे 'पित्या' पाठ राहिला, आणि पाठ असलेलं तोंडातून आपोआप बाहेर पडतं. मी तो शब्द म्हणताना बहुतेक वेळा ताटं पुरतील का, ते बघत असे.

पितांबर आजोबांना त्यांचा मुलगा दत्तात्रय घेऊन आला. आजोबा ऐंशीच्या घरातले, उंच, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. करमाळ्याच्या बाजार समितीत जन्मभर तोलार होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून देणारे. म्हातारपणी मुलाकडे सोलापूरला आले. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, सून शिवणकामाला, घरी दिवसभर कोणी नाही. आजोबांना विसर पडायला लागला. दोनदा घरातून निघून गेले, आणि दुसऱ्यांदा सापडले ते इथल्या मार्केट यार्डात, एका काट्यापाशी, कोणीतरी पोतं टाकण्याची वाट बघत उभे.

"ऐकू येतंय त्यांला, सिस्टर," दत्तात्रय म्हणाला. "डाक्टरनी तपासलंय. पर बोलायचं सोडलंय. आमी हाक मारली तर मान बी वळवत न्हाईत."

"घरी काय म्हणता त्यांना?"

"आबा. सगळेच आबा म्हनतात."

मी आबा म्हणून पाहिलं. आजोबा म्हणून, पितांबर आजोबा म्हणून, काका म्हणूनही. काही नाही. डोळे समोरच्या भिंतीवर. फक्त जेवणाची वाटी हातात दिली की तळहातावर ठेवून ती हळूच वरखाली करायचे, वजन बघितल्यासारखी. मग खायचे. आमची रेहाना, म्हणजे त्या खोलीची काळजी घेणारी बाई, पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मॅडम, बाबाला डाळ कमी वाढली तर कळते की! वाटी परत करतात."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना चाकाच्या खुर्चीतून प्रार्थनेला आणलं. सुमनबाईंनी डोळे मिटले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हटलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या."

"ओ!" आजोबा म्हणाले.

खोलीत हशा पिकला. सुमनबाईंनी एक डोळा उघडला आणि परत मिटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. "पित्या" म्हटलं की "ओ", तोही साधासुधा नाही. घराच्या मागच्या बाजूला काम करत असलेल्या माणसानं द्यावा तसा, लांब आणि मोकळा. काही जण मुद्दाम त्या ओची वाट बघायला लागले. रेहाना दारात उभी राहून ऐकायची. "आमच्यात देवाला बाप म्हणत नाहीत, मॅडम," ती म्हणाली, "पण बाबा ओ देतात ते मला लई आवडतं."

नवव्या दिवशी सुमनबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "सलाम, सिस्टर," त्या म्हणाल्या; आम्हा ख्रिस्ती मंडळींत नमस्कार असाच करतात. "एक बोलायचं होतं."

"बोला की."

"मी देवाला हाक मारते आणि मध्येच हे ओ देतात. लोक हसतात. प्रार्थना आहे की हजेरी? आज पहिल्या ओळीला देतायत, उद्या आमेनला देतील."

त्यांचं म्हणणं मला वाजवी वाटलं. मी 'किरकोळ' यादी काढली आणि उद्याची तारीख टाकून लिहिलं: पितांबर, प्रार्थनेच्या वेळी व्हरांडा. लिहायला अर्धं मिनिट लागलं नसेल. दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला रेहाना त्यांची खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवायला लागली, आणि प्रार्थना संपली की आत आणायला लागली. सुमनबाई खूश. मी विसरून गेले.

तीन आठवड्यांत आजोबा वाळत गेले. आधी संध्याकाळचं ताट अर्धं राहायला लागलं, मग सगळंच. वाटी हातात दिली तर तोलायचेही नाहीत, तशीच मांडीवर ठेवायचे. सकाळची पेज दोन चमचे. शेवटी तोंड उघडेनात. शुक्रवारी आमचे डॉक्टर येतात, त्यांनी तपासलं, वजन बघितलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बुधवारी परत बघतो. खाणं सुरू झालं नाही तर हॉस्पिटलला हलवावं लागेल. नाकातून नळी."

नळी म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं. विसर पडलेल्या माणसाला नाकात काय आहे ते समजत नाही, तो ती ओढून काढतो. मग हात बांधतात. कापडानं, हळूच, पण बांधतात. जन्मभर काट्याला हात लावून उभा राहिलेला माणूस हात बांधून पडून राहील, आणि मी इतक्या वर्षांत पाहिलंय, असे गेलेले फार थोडे परत येतात. मी दत्तात्रयला फोन करून सगळं सांगितलं. हात बांधावेच लागतात का, असं त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "हात बांधू नका, सिस्टर. तेवढं बगा."

शनिवारी दुपारी मी जेवणाचं रजिस्टर उघडलं. त्यात प्रत्येकापुढं तिन्ही वेळचं लिहिलेलं असतं: पूर्ण, अर्धं, नाही. आजोबांचं संध्याकाळचं जेवण पहिल्या दोन दिवशी अर्धं, मग सात दिवस ओळीनं पूर्ण. त्यानंतर एका तारखेपासून अर्धं, अर्धं, नाही, नाही. त्या तारखेला औषध बदललं होतं का? नाही. कवळी? ठीक. ताप? नव्हता. पोट? साफ. मग मी एकेक यादी घेऊन ती तारीख शोधायला लागले. सापडली शेवटच्या यादीत. माझ्याच अक्षरात. प्रार्थनेच्या वेळी व्हरांडा.

का, ते तेव्हाही समजलं नाही. पण कारण समजायच्या आधी उपाय करायची आम्हा नर्सांना सवय असते. त्या संध्याकाळी मी स्वतः त्यांची खुर्ची आत ढकलत आणली आणि पहिल्या रांगेत लावली. सुमनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गृहपाठ केलाच नव्हता. मी म्हटलं, "बुधवारपर्यंत, सुमनबाई. मला काहीतरी बघायचंय."

"हे आमच्या स्वर्गातील पित्या."

मग आजोबांची मान दाराकडे वळली. आवाज बारीक होता, पण आला. "ओ."

त्या दिवशी अर्धं ताट गेलं. रेहाना ते रिकामं अर्धं ताट मला दाखवायला धावत ऑफिसात आली, "देखो मॅडम, देखो की!" पण रविवारी सकाळी परत तोंड बंद. दुपारी बंद. एका अर्ध्या ताटावर माणूस जगत नाही.

दत्तात्रय एरवी रविवारी सकाळी यायचा. त्या रविवारी त्याची पाळी बदलली होती, म्हणून संध्याकाळी आला, नेमका साडेसहाला. प्रार्थना सुरू होत होती. सुमनबाई "पित्या" म्हणाल्या, मागून पंचवीस-तीस म्हाताऱ्यांनी "पित्या" म्हटलं, आजोबांनी "ओ" दिला, आणि दोघं-चौघं हसले. दत्तात्रय दारात उभा. त्याचा चेहरा लाल झाला.

"कोन म्हनलं?" तो ओरडला. "माज्या बापाला पित्या कोन म्हनलं?"

सुमनबाईंनी डोळे उघडले. "अहो, हळू! आम्ही देवाला म्हणतोय."

"देवाला कोन पित्या म्हनतंय?"

"आम्ही!"

"येड्यात काढताय व्हय म्हाताऱ्याला?"

मी त्याला हाताला धरून ऑफिसात आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पिता या शब्दाला हाक मारताना पित्या म्हणतात, हे समजावून सांगितलं. त्याला ते पटायला दोन ग्लास पाणी लागलं. मग तो एकदम शांत झाला आणि म्हणाला, "सिस्टर, ती हाक माज्या आजीची."

तेव्हा सगळं समजलं. पितांबरचं पित्या. गणपतचं गण्या होतं, तसं. करमाळ्याला बाजाराच्या मागं त्यांचं घर होतं. आजोबा मोठे झाले, मिशा आल्या, लेकरं झाली, अख्खा बाजार त्यांना तोलारभाऊ म्हणायचा, घरात त्यांच्यापुढं कोणी तोंड उघडायचं नाही. आणि रोज दिवस मावळताना त्यांची आई उंबऱ्यावर उभी राहून बाजाराच्या दिशेनं ओरडायची, "ए पित्या, जेवायला ये रे!" आणि तिकडून ओ यायचा. मग सगळं घर जेवायचं.

"मी धा वर्साचा असताना आजी गेली," दत्तात्रय म्हणाला. "तवापास्नं त्या नावानं कुनी हाक मारली न्हाय. कुनाची छाती बी न्हवती."

म्हणजे आम्ही त्या माणसापुढं रोज ताट ठेवत होतो, पण जेवायला हाकच मारत नव्हतो. जी हाक आपोआप लागत होती, ती मी यादीत लिहून बंद केली होती.

आता सोपं होतं असं वाटेल. दिवसातून तीनदा हाक मारायची. पण आमच्या भिंतीवर, माझ्याच अक्षरात, मोठा कागद लावलेला आहे: येथे कोणालाही अरे-तुरे करू नये. तो नियम करायला मला फार भांडावं लागलं होतं. दत्तात्रयनं परवानगी दिली म्हणून रेहानानं रात्रीच्या दुधाला हाक मारून बघितली. तिच्या तोंडून आलं, "पित्या बाबा!" आजोबा भिंतीकडेच बघत राहिले. मग मी मारली. माझ्या तोंडून प्रार्थनेचा सूर आला, पण पुढं जेवायला ये रे हे काही निघेना. मी त्याला म्हटलं, "ही हाक घरच्या तोंडची हवी. तुम्हालाच मारावी लागेल."

तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. "मी? सिस्टर, मी आबांपुढं अजून खुर्चीवर बसत न्हाय. मला बेचाळीस वर्सं झाली, मी त्यांला एकदा बी तू म्हनलो न्हाय."

"माहीत आहे."

"आन तुमी म्हनता पित्या म्हन."

"म्हणा असं सांगत नाही. बुधवारी डॉक्टर येणार आहेत, ते सांगतेय."

तो खिडकीशी गेला. बाहेर सुमनबाई अंगणात चालत होत्या, जेवणानंतरच्या ठरलेल्या पंधरा फेऱ्या. त्यांच्याकडे बघत त्यानं विचारलं, "तुमी देवाला तू म्हनता?"

"हो. तुम्ही?"

"आमी बी तूच म्हनतो की. खंडोबाला काय अहो-जाहो करायचंय? पर बापाला न्हाय म्हनत."

"आम्हीही बापाला म्हणत नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांना मी जन्मभर तुम्ही म्हटलं. पण देवाला बाप म्हणतो, आणि तूही म्हणतो. येशूनं तसंच शिकवलं."

"का बरं?"

चर्चच्या रविवारच्या शाळेत मी हे मुलांना शिकवलेलं आहे. देव आपली काळजी वाहतो, आपल्याला भाकर देतो, आपल्या चुका पोटात घालतो, म्हणून तो बाप. तिथं उत्तर तयार असायचं. इथं समोर मागावर काम करून हात सुजलेला एक माणूस उभा होता, आणि त्याला उत्तर बुधवारच्या आत पाहिजे होतं. मी म्हटलं, "परक्याला मारलेली हाक मानाची असते. भूक लागलेलं लेकरू मान बघत नाही."

तो खिडकीपासून परत टेबलापाशी आला. "म्हंजे एवड्या मोठ्या बापाला चालतंय," तो शेवटी म्हणाला, "आन माज्या बापाला चालनार न्हाय?"

सोमवारी सकाळी सहाला तो आला, सातच्या पाळीआधी. रेहानानं दुधात भाकरी कुस्करून वाटी तयार ठेवली होती. आजोबा खुर्चीत बसलेले, नजर भिंतीवर. दत्तात्रयनं आधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग स्वतःचे दोन्ही कान पकडले. "आबा, माफी करा," म्हणाला. मग दारापर्यंत मागं गेला, कारण आजी उंबऱ्यावरून हाक मारायची.

तोंड उघडलं, आवाज आला नाही. घसा खाकरला. दुसऱ्यांदा म्हणाला, "अहो पित्या..."

रेहानानं पदर तोंडाला लावला. त्यालाही हसू आलं, आणि हसताना त्याचं काहीतरी सैल झालं. त्यानं डोळे मिटले. मग जो आवाज निघाला तो त्याचा नव्हता. बारीक, उंच, शेवटाला ओढलेला, बाजारापर्यंत पोचेल असा.

"ए पित्याऽऽ, जेवायला ये रे!"

"ओ!" आजोबांनी मान वळवली. "आलो, आये."

त्यांनी हात पुढं केला. रेहानानं वाटी दिली. त्यांनी ती तळहातावर घेतली, हळूच वर केली, खाली केली, आणि म्हणाले, "बरुबर हाय." मग दत्तात्रयनं भरवलं आणि त्यांनी सगळं खाल्लं. मी रजिस्टरमध्ये 'पूर्ण' असं लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की शाई पसरलीय. डोळे पुसल्याशिवाय मी लिहायला नको होतं.

बाहेर व्हरांड्यात दत्तात्रय भिंतीला टेकून उभा होता. "मला आये म्हनले, सिस्टर," तो म्हणाला.

"हो."

"म्हंजे मला वळखलं न्हायच."

मी खोटं बोलत नाही. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "न्हाय तर न्हाय," म्हणाला. "पर ओ दिला की."

बुधवारी डॉक्टरांनी वजन बघितलं आणि नळीचं नाव काढलं नाही.

इथं माझी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे लिहिणं अप्रामाणिक होईल. माझे वडील गेले तेव्हा शेवटचे दोन महिने मीच त्यांचं सगळं केलं. त्यांच्या खोलीच्या दारावर तक्ता लावला होता. औषधं, लघवी, पाणी, कूस. एकही नोंद चुकली नाही, आणि त्यांच्या पाठीला एक ओरखडा पडला नाही, याचा मला अभिमान आहे. पण एका संध्याकाळी ते म्हणाले, "लतू, जरा बस." मी म्हटलं, "हो पपा, एवढं लिहून झालं की बसते." माझं लिहून झालं तेव्हा त्यांना झोप लागली होती. तीही मी लिहून ठेवली, वेळेसकट. हाक मला ऐकू आली होती. ओ दिला होता का, हे मी आजही सांगू शकत नाही.

आजोबा त्यानंतर दहा महिने राहिले. दत्तात्रय पाळी बघून सकाळी यायचा, दुपारी त्याची बायको यायची. ती तर पहिल्या दिवशी लाजून दाराबाहेर उभी राहून हाक मारत होती. तिलाही ओ मिळाला. संध्याकाळची हाक सुमनबाईंच्या वाट्याला होती. त्यांनी मला बुधवारी विचारलं, की तुमचं जे बघायचं होतं ते बघून झालं का. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ती ओळ त्या आजोबांकडे तोंड करून म्हणायला लागल्या, आणि त्यांचा आवाज चौथीच्या वर्गापुढचा राहिला नाही.

मी आमच्या प्रवेश अर्जात एक रकाना वाढवला. नाव, वय, आजार, नातेवाइकांचा फोन, आणि खाली: लहानपणी घरी काय हाक मारत. लोक आधी हसतात आणि मग आठवून लिहितात. अक्कलकोटकडच्या एका कानडी आजी, तीन दिवस कोणाशी न बोललेल्या, त्या रकान्यातल्या एका शब्दावर रडल्या आणि जेवल्या. कोर्टात कारकून असलेले एक गृहस्थ 'बंड्या' निघाले. भिंतीवरचा अरे-तुरेचा कागद अजून आहे. फक्त त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: अर्जातला रकाना पाहावा.

आजोबा एका दुपारी गेले, जेवणानंतर, स्वतःच्या पलंगावर. हात मोकळे होते. दत्तात्रय करमाळ्याला घेऊन गेला.

त्या संध्याकाळी साडेसहाला सगळे जमले. सुमनबाईंनी डोळे मिटले, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटलं आणि थांबल्या. आम्हीही म्हटलं आणि थांबलो. पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात कोणीतरी झाकण ठेवलं. कोणी हसलं नाही. मग त्यांनी पुढची ओळ घेतली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, आठवडाभरात विसरतील. विसरले नाहीत. नवीन आलेली माणसं, ज्यांनी आजोबांना पाहिलंसुद्धा नाही, तीही आता तिथं थांबतात. आणि खरं सांगते, त्या थांबण्यात मी आता ताटांचा विचार करत नाही.

मध्यंतरी आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते. पहिल्या ओळीनंतर ते एकटेच पुढं गेले आणि गोंधळून थांबले. नंतर जेवताना त्यांनी सुमनबाईंना विचारलं, "बाई, तुम्ही 'पित्या' म्हणून मध्येच थांबता ते का?"

सुमनबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"हाक मारली आहे ना, पाळकसाहेब?" त्या म्हणाल्या. "मग ओ यायला वेळ नको द्यायला?"